शर्ट आमचा होता, दादा

दादा,

तुझ्या शाळेला तुझ्यावर दोन पानं हवी आहेत. मुख्याध्यापकांचा फोन आला होता. म्हणाले, "ताई, तुम्ही सख्ख्या बहीण. सरायबद्दल तुम्हीच लिहा. सर आयुष्यात कधी खोटं बोलले नाही, हे नक्की येऊ द्या." मी बरं म्हणून फोन ठेवला. ती पानं मी लिहिणार नाही. हे लिहितेय ते तुला, आणि यात तुझ्याबद्दल चांगलं फार कमी आहे.

तुला जाऊन अडीच महिने झाले. मी परदेशातल्या कामावरून निघून दिग्रसला पोचले तोवर तुझं सगळं आटोपलं होतं. जलदानविधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, जो तो तुझे गुण सांगत होता आणि मी मान डोलावत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पांगले. वहिनी ओट्यावर बसून भांडी पुसत होती. मधेच हात थांबवून म्हणाली, "ताई, एक गोष्ट हाय. यायनं मले दवाखान्यात सांगतली. कोनाले सांगू नोको म्हणे. पण माझ्याच्यानं नाही ठेवल्या जात."

"काय?"

"बाबा वणीले हाय."

क्षणभर मला वाटलं, बाबा जिवंत आहेत, वणीत कुठेतरी राहतात. ते हरवल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. वहिनीने माझा चेहरा पाहिला आणि घाईने म्हणाली, "तसं नाही वो ताई. मातीत."

त्या एका क्षणासाठीसुद्धा मी तुला माफ करणार नाही.

बाबा घरातून गेले तेव्हा तू चोवीसचा होतास, मी एकोणीसची. कापसाचे ते वाईट दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. खरेदी केंद्रासमोर गाड्यांची रांग चार-चार दिवस हलत नसे, माणसं गाडीखालीच चूल मांडत, आणि आत बाबा ग्रेडर म्हणून बसत. मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धाग्याची लांबी पाहायची आणि एका शब्दात दर्जा सांगायचा. तो एक शब्द ऐकून माणसाचं तोंड कसं उतरतं, ते त्यांना दिवसभर बघावं लागे. त्या फेब्रुवारीत केंद्रावर दंगा झाला. ज्याचा माल खालच्या दर्जात गेला त्याने बाबांची कॉलर धरून दोन थोबाडीत दिल्या आणि रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वरून चौकशी लागली, तीही बाबांचीच. पाच दिवस ते घरात एक शब्द बोलले नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी 'यवतमाळले जाऊन येतो' म्हणून एसटीत बसले, आणि परत आले नाहीत. ते बावन्न वर्षांचे होते.

पुढचं मला तुझ्याकडून कधीच कळलं नाही. वहिनीने सांगितलं ते असं. पाच-सहा महिन्यांनी वणीजवळ एका बंद खाणीच्या पाण्यात प्रेत सापडलं. बरेच दिवस पाण्यात राहिलेलं, चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. शर्टाच्या कॉलरला दिग्रसच्या टेलरचं लेबल होतं, म्हणून वणीच्या पोलिसांनी दिग्रसला विचारलं, आणि दिग्रसच्यांनी तुला बोलावलं. तू घरी सांगितलंस, नोकरीच्या अर्जाला यवतमाळला चाललो. वणीच्या दवाखान्यात त्यांनी तुला तो शर्ट दाखवला. आतल्या बाजूने एक जास्तीचा खिसा होता. बाबा कापसाचे नमुने ठेवायला असा खिसा मुद्दाम शिवून घेत. तू पाहिलंस, ओळखलंस. पोलिसाने विचारलं, "तुमचे का?" आणि तू म्हणालास, "नाही. हे आमचे नाही."

वणीच्या नगरपरिषदेच्या माणसांनी त्याला त्या शर्टासकट बेवारस म्हणून पुरलं. तू दुपारच्या गाडीने परत आलास, आईने विचारलं 'काय झालं अर्जाचं', आणि तू म्हणालास, 'पाहू.'

"काहून असं केलं म्हणे?" मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "म्हणे, आई मरून गेली असती. आन लोक म्हणले असते, चोर होता म्हणून जीव देला. हरवला म्हटलं तं कोनी काही म्हणत नाही."

दादा, तू आईला मरू दिलं नाहीस, मान्य. पण जगू तरी कुठे दिलंस? तिने त्यानंतर घराला कुलूप लागू दिलं नाही. घर बंद दिसलं तर हे दारातूनच परत जातील, म्हणायची. माझ्या शिक्षणाच्या चार वर्षांत ती एकदाही नागपूरला आली नाही. डोळ्यात मोतीबिंदू पिकला, यवतमाळला ऑपरेशनची तारीख मिळाली, दोन दिवस राहायचं होतं. तू तिला 'मी थांबतो घरी' असं सांगितलंस. ती म्हणाली, "तू झोपून जाशील. त्यायनं हाक देली तं तुले ऐकू येनार नाही." ती गेली नाही, आणि तो डोळा गेला. तू तिथे उभा होतास. तुला ठाऊक होतं, म्हणजे तुझ्या लेखी ठाऊक होतं, की हाक देणारा माणूस वणीच्या मातीत आहे. एक वाक्य बोलला असतास तर तो डोळा वाचला असता.

आई वारली तेव्हा आपण दोघं पत्रिका छापायला प्रेसवर गेलो होतो, आठवतं? छापणाऱ्याने विचारलं, "वडिलांच्या नावाआधी कालकथित लावू का?" तू चप्पल घालून बाहेर जाऊन उभा राहिलास. मीच म्हटलं, नको, ते हरवलेत. परत येताना मी तुझा हात धरला होता, कारण मला वाटलं, तू रडतोयस.

आणि मी काय काम करते हे तुला माहीत होतं, हे मला सगळ्यात जास्त सलतं. पुरातत्त्व शिकायला मला तूच पाठवलंस. मातीचे थर वाचायला शिकले, आणि एका शिक्षकांमुळे त्या परदेशी कामावर लागले. जिथे लढाई होऊन गेली, हजारो माणसं नाहीशी झाली, अशा डोंगराळ मुलखात आम्ही खड्डे शोधतो, हाडं काढतो, ती कुणाची ते ठरवतो आणि घरच्यांना सांगतो. पंधरा वर्षं मी हेच करतेय. लोक विचारतात, इतक्या लांबून येऊन हे का करता? मी म्हणते, आमच्याकडेही एक माणूस हरवलाय. दर वेळी हे वाक्य म्हणताना मला तुझी आठवण यायची. वाटायचं, हे दुःख जगात फक्त दोघांना सारखं कळतं, मला आणि दादाला.

बारा वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, सात वर्षं उलटली, कोर्टात अर्ज करू, कायदा त्यांना गेलेले मानेल, आई मोकळी होईल. तू माझ्या अंगावर ओरडलास. "तुले सवय झाली मुडदे मोजाची! घरचाही एक पाह्यजे का तुले?" मी चार महिने तुझ्याशी बोलले नाही. शेवटी मीच फोन करून माफी मागितली. मी मागितली, दादा. तू ती घेतलीस.

आता तो फोन. चार वर्षांपूर्वीचा, तुझ्या मधल्या सुट्टीतला. मी तुला एका म्हातारीचं सांगत होते. ती आमच्याकडे आली, हाडांसोबत सापडलेली टेबलावरची पँट पाहिली, गुडघ्याला तिने स्वतः लावलेलं ठिगळ ओळखलं आणि टेबलाला मिठी मारली. पण हाडं तपासली तर तिचा मुलगा नव्हताच. पळापळीत त्याने शेजारच्या पोराशी कपडे बदलले होते. मी म्हटलं, "म्हणून आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात, कपड्यावरून माणूस ओळखायचा नाही. कपडे हात बदलतात." तू मग विचारलंस, "आन तिचा पोरगा?"

"तो अजून सापडायचाय. कदाचित जिवंतही असेल."

"तास हाय माझा," म्हणालास आणि फोन ठेवलास. पुढे तीन आठवडे माझा फोन उचलला नाहीस. मला वाटलं, दहावीचे पेपर तपासतोयस.

त्या दिवशी तुला कळलं होतं. वणीच्या खड्ड्यात बाबा नसतीलही, हे त्या मधल्या सुट्टीत तुझ्या डोक्यात आलं होतं. चोवीस वर्षांचं पोर घाबरून खोटं बोललं, ते मी एखाद वेळी समजून घेईन. पण एकोणचाळीस वर्षांचा मास्तर, ज्याची बहीण जगात हेच एक काम करते, तो चार वर्षं गप्प बसला. दवाखान्यात तुझ्या शेवटच्या आठवड्यात आपण रोज फोनवर बोलत होतो. तू मला विचारायचास, तिकडे थंडी किती आहे.

तू माझ्यासाठी काय केलंस तेही सांगते, नाहीतर म्हणशील विसरली. आईचा मला नागपूरला पाठवायला विरोध होता. तू तिच्यासमोर माझी ट्रंक उचललीस आणि मला म्हणालास, "तू जाय. इथं राह्यली तं तूही दारात बसशील." माझ्या परीक्षेच्या वेळी आई तापाने महिनाभर अंथरुणाला होती. तू मला कळवलं नाहीस, स्वतः भाकरी थापायला शिकलास. नंतर मला कळलं तेव्हा मी तुझं केवढं कौतुक केलं होतं! त्या जाड, एका बाजूने करपलेल्या भाकरीची चव मला अजून आवडते. पण आज त्या भाकरीतही मला तुझी तीच खोड दिसते. तू सांगत नव्हतास. समोरच्याला काय कळावं हे तू ठरवायचास, आणि त्याला माया म्हणायचास.

तर मी सुट्टी वाढवली. वहिनीचा जबाब लिहून घेतला, पोलिसांकडे दिला, तहसीलदारांकडे खेटे घातले. वहिनी प्रत्येक वेळी माझ्यासोबत आली, डोक्यावर पदर घेऊन, तुझ्याविरुद्ध खरं सांगायला. तुझ्यापेक्षा तिची हिंमत मोठी. मे महिन्यात परवानगी मिळाली. ज्यांनी त्या वेळी खड्डा खणला होता ते लहानूजी अजून वणीतच आहेत, त्यांनी जागा दाखवली. दाखवायची गरज नव्हती. त्या बेवारसांच्या ओळीत फरशी फक्त एकाच जागेवर होती, तू बसवलेली.

"तुमचे भाऊ दरसाल येत," लहानूजी म्हणाले. "फरशी धुवत, बसत घडीभर. मी इचारलं एक डाव, कोन हाय तुमचा? तं म्हणे, ओळखीचा."

आमच्या कामात नियम आहे, स्वतःच्या माणसाच्या खड्ड्यात उतरायचं नाही. मी बाजूला उभी राहणार होते. मेडिकल कॉलेजची डॉक्टर आली होती, तिशीतली, सरळ मुलगी. तिने फावडी घेतलेली माणसं पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, ही माणसं हाडं तोडतील. तुम्हीच उतरा. मी लिहून घेते." मी उतरले. पंधरा वर्षं परक्या देशाची चिकट, थंड माती उपसली, पण आपली काळी माती कधी उकरली नव्हती. उन्हाने हातभर भेगा पडलेल्या. ही माती पावसात फुगते, उन्हात फाटते, आणि पोटातलं सगळं हलवून टाकते. हाडं सरळ रेषेत नव्हतीच. पाय एकीकडे सरकलेले, बरगड्या दुसरीकडे.

आधी टेरीकॉटच्या चिंध्या लागल्या. मग कॉलरचं लेबल. टेलरचं नाव गेलं होतं, खालचं 'दिग्रस' वाचता येत होतं. जागा बरोबर होती. मी ब्रश खाली ठेवला आणि पंधरा-वीस मिनिटं नुसती मुलगी होऊन बसले. 'बाबा' म्हटलं. दोनदा म्हटलं. वरून वहिनीचं रडणं ऐकू येत होतं.

मग मी कामाला लागले. जबडा काढला. दातांना झीज नव्हती. अक्कलदाढ नुकतीच वर येत होती. मी ते बाजूला ठेवलं आणि गळ्याखालचं आडवं हाड शोधलं. त्याचं आतलं टोक माणसाच्या अंगात सगळ्यात शेवटी जुळतं, पंचविशीच्या आसपास. ते जुळलेलंच नव्हतं. डॉक्टरने हातात घेऊन पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.  

मी वर आले आणि म्हटलं, "वहिनी, हे बाबा नाहीत. हा कुणी वीस-बावीस वर्षांचा पोरगा आहे."

वहिनी मातीतच बसली. म्हणाली, "मंग यायनं एवढे वर्ष कोनाची फरशी धुतली?"

तू पोलिसाला सांगितलंस, 'हे आमचे नाही.' आयुष्यात बोललेलं तुझं सगळ्यात मोठं खोटं, आणि ते खरं निघालं. ज्या ओझ्याखाली तू वाकलास ते तुझं नव्हतंच. मला तुझी कीव येते, आणि त्या किवेचाही मला राग येतो. त्या दिवशी तू एवढंच म्हटलं असतंस, 'शर्ट आमचा आहे, माणूस बघू द्या,' तर कुणीतरी विचारलं असतं, मग हा शर्ट या पोराच्या अंगावर आला कसा? बाबांपर्यंत जाणारी एकच वाट होती आणि तू तिच्यावर फरशी बसवलीस.

मी वणीच्या ठाण्यात त्या वर्षीची हरवलेल्यांची नोंदवही काढून घेतली. हवालदार बिचारा तीन दिवस माझ्यासोबत धूळ खात बसला. त्या पावसाळ्यात हरवलेल्या तरण्या पोरांत एकाची नोंद होती, खाली आईचा अंगठा. मैनाबाई, पलीकडच्या टेकडीवरच्या कोलाम आदिवासींच्या पोडातली, म्हणजे वस्तीतली. हवालदाराला घेऊन आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. सत्तरीची असेल. मी कोण, कशासाठी आले, सगळं सरळ सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "कोनी आलंच नाही आजवर. पोलीस नाही, कोनी नाही. तूच पयली."

पोरगा वीटभट्टीवर कामाला होता. पेरणीच्या वेळी एकदा घरी आला, तो शेवटचा. मी विचारलं, भट्टीवर त्याच्यासोबत कोण कोण होतं, काही सांगायचा का.

"एक बुढा होता म्हणे दिग्रसचा. कापसाच्या सेंटरवर सायब होता पयले. त्याचं कोनी नव्हतं, माझ्या पोराले जीव लावे. पोराचा शर्ट फाटला तं आपला काढून देला म्हणे त्यानं."

 हवालदाराने विचारलं, "मंग थो बुढा कुठी गेला?"

"आदिलाबादले जातो म्हणे. तिकडे जिनिंगवर काम भेटते. पोरालेही चाल म्हणे. पोरगा म्हणला, मायले इचारून येतो." तिने फुलं हाताने पसरली. "मीच नाही म्हटलं त्याले."

मग तिने मला विचारलं, "थो बुढा तुमचा कोन?"

"माझे बाबा."

"भेटले का मंग?"

"नाही."

तिने माझा हात हातात घेतला. दादा, त्या बाईने. तिचा पोरगा तुझ्या फरशीखाली एकोणीस वर्षं पडला होता आणि तिने माझा हात धरला. दुसऱ्या दिवशी ती आमच्यासोबत यवतमाळला आली, तपासणीसाठी रक्त दिलं. निकालाला काही महिने लागतील. निघताना मला म्हणाली, "वाईट असलं तरी सांगजो, बाई. चांगलंच सांगाचं म्हणून थांबू नोको."

उद्या सकाळी मी आदिलाबादची बस धरतेय. वहिनीही येते म्हणाली. मला फार आशा नाही. एकोणीस वर्षांत कापसाच्या जिनिंग गिरण्या बंद पडतात, माणसं गाव बदलतात, मरतात. पण बाबा असलेच तर एकाहत्तरचे असतील, कुठल्यातरी सावलीत बसलेले. मला पाहून ते आधी आईचं विचारतील. ते मी सांगीन. डोळ्याचंही सांगीन, कारण माझं कामच ते आहे. मग ते तुझं विचारतील. तू गेलास हे सांगावंच लागेल. पण वणीच्या दवाखान्यात त्यांचा शर्ट ओळखून तू काय म्हणालास, हे त्यांना सांगायचं की नाही, ते गेले आठ दिवस विचार करूनही मला ठरवता आलेलं नाही.